एका मुठीसाठी

(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या घरात एक दृश्य हमखास आढळते, आणि ते बहुतेक श्रोत्यांच्या परिचयाचे असेल. मधल्या खोलीत खणांचे सागवानी कपाट असते. त्याचे लाकूड तीन पिढ्या वापरूनही टणक राहिलेले असते, खण सुरळीत सरकत असतात, आणि त्यांपैकी एका खणाला मात्र पितळी मुठीच्या जागी सुतळीचा फास बांधलेला असतो. मूठ कधी गळाली, कोणी उचलून ठेवली, कोठे हरवली, हे घरात कोणासही सांगता येत नाही. सुतळी तात्पुरती म्हणून बांधलेली असते, आणि ती तात्पुरती सुतळी वीस-पंचवीस वर्षे इमानाने चाकरी करीत राहते. पुढे वाटणी होते, घर बदलते किंवा रंगकाम निघते, आणि ‘हे मोडके कपाट आता कशाला ठेवावयाचे?’ असा प्रश्न उभा राहतो. वस्तुतः लाकूड शाबूत असते, सांधे शाबूत असतात. गेलेले असते ते तीन-चार इंचांचे पितळ. परंतु तेवढ्या पितळापायी चार माणसांनी उचलावयाचे कपाट भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते.

जुन्या लाकडी सामानाच्या मुठी, कड्या, बिजागऱ्या, कुलपे आणि स्क्रू नाहीसे झाले असता त्यांची जोड कशी व कोठे मिळवावी, हा आजचा विषय आहे. विषय लहान आहे खरा. शिवाय ज्या जिल्ह्यात शनिशिंगणापूरसारखे, घरांना दारे व कुलपे न लावण्याच्या परंपरेबद्दल प्रसिद्ध असलेले गाव आहे, त्याच जिल्ह्यातील कडीकोयंड्यांची चर्चा करावी, ही थोडी गमतीचीच गोष्ट होय. तरीही ह्या लहान वस्तूंवर पुष्कळ मोठ्या वस्तूंचे आयुष्य अवलंबून असते, म्हणून तिची उपेक्षा करणे बरे नव्हे.

प्रथम हे सामान नगरच्या घरांत आले कोठून, हे पाहिले पाहिजे. कारण वस्तूचे मूळ कळले म्हणजे तिची जोड शोधण्याची दिशाही कळते. अहमदनगर, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर हे नाव मिळाले, तेथील जुन्या वाड्यांत आजच्या अर्थाचे फर्निचर फारसे नव्हते. बसावयास पाट, चौरंग आणि जाजम. सामान ठेवावयास भिंतीतील फडताळे व कोनाडे. मौल्यवान चीजवस्तूंसाठी पेटारा. आणि ऐपतदार घरी ओटीवर झोपाळा. ह्या वस्तूंचे लोखंड गावच्या लोहाराने घडविलेले आणि पितळ गावच्या कारागिराने ओतलेले असे. पेटाऱ्याचा कोयंडा निखळला, तर ज्याने पहिला केला त्याच्याच मुलाने दुसरा करून द्यावा, असा तो व्यवहार होता. ‘जोड कोठे मिळेल?’ हा प्रश्न त्या काळी पडत नसे.

खणांचे कपाट, लिहिण्याचे मेज, आरशाचे टेबल ही मंडळी इंग्रजी अमलाबरोबर आली. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. आणि भिंगारच्या बाजूस छावणी वाढली. लष्करी अधिकाऱ्यांचे सामान प्रवासासाठीच बनविलेले असे. त्यांच्या खणांच्या कपाटाचे दोन भाग सुटे होत, पाय पिळून काढता येत, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असत, आणि मुठी लाकडात खोल बसविलेल्या असत. हेतू हा की, गाडीत सामान एकमेकांवर घासले तरी मूठ तुटू नये. बदलीचा हुकूम आला की छावणीच्या गावी असे सामान लिलावात निघे. गावातील वकील, अंमलदार आणि व्यापारी ते घेत, आणि गावचे सुतार ते पाहून तसेच दुसरे सागवानात करून देत.

ह्या सुतारांस पितळी सामान पुरविण्याचे काम पुढे आगगाडीने केले. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, आणि मुंबई बंदरात उतरलेला बर्मिंगहॅमचा माल नगरच्या पेठेत येणे सोपे झाले. त्याच शतकाच्या अखेरीस नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकाम व धातूचे ठोककाम मुलांस शिकविले जाऊ लागले. तेव्हा नगरच्या घरातील जुन्या कपाटाची कुळकथा बहुधा अशी असते: लाकूड देशी, सुतार गावचा आणि मूठ विलायती. ह्या तिघांपैकी लाकूड अजून मिळते, सुतारही मिळतो. विलायती कारखान्याचा तो नमुना मात्र केव्हाच बंद झालेला असतो. पुढे मुंबईस १८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज ह्यांनी कुलपांचा जो कारखाना काढला, त्यातूनच १९२३ पासून पोलादी कपाटे निघू लागली. घराघरांत पोलादी कपाट आले, लाकडी कपाट मागच्या खोलीत गेले, आणि त्याच्या मुठींचा बाजारही हळूहळू ओसरला.

आता अशाच एका घराचे चित्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. नगरच्या जुन्या भागातील एक वाडा. घरातील गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या मातोश्री नव्वदीच्या घरात. चिरंजीव पुण्यास नोकरीला. वाडा पाडून तेथे इमारत व्हावयाची आहे, आणि दोन महिन्यांत जागा रिकामी करून द्यावयाची आहे. नव्या घरात मोजकेच सामान मावणार. मधल्या खोलीत चार खणांचे कपाट आहे. प्रत्येक खणास दोन, अशा एकूण आठ मुठींपैकी एक नाही. नेमकी ती वरच्या खणाची आहे. त्या खणात मातोश्रींच्या पोथ्या, जपाची माळ, यजमानांचा चष्मा आणि जुनी पत्रे आहेत. सुतळीची गाठ त्यांच्या बोटांत धरवत नाही. एका हाताने एकच मूठ ओढली तर खण तिरपा होऊन अडतो. म्हणून स्वतःचाच खण उघडण्यासाठी त्यांना दिवसातून दोनदा कोणास तरी हाक मारावी लागते.

भंगारवाला येऊन गेला. त्याने पितळाचा भाव निराळा आणि लाकडाचा निराळा सांगितला. लाकडाचा भाव जळणाचा होता. चिरंजीवांचे मत पडले, “बाबा, हे राहू द्या. नाहीतर आठच्या आठ मुठी नव्या आणू, म्हणजे सगळ्या सारख्या दिसतील.” मातोश्री आतून म्हणाल्या, “अरे, सात चांगल्या आहेत ना? त्यांनी काय तुमचं घोडं मारलंय?”

त्या वृद्धेच्या वाक्यात ह्या विषयाचे सर्व सार आहे. एका मुठीसाठी सात मुठी काढू नयेत. सात मुठींसाठी एक करावी. परंतु हे तत्त्व पाळण्यास थोडे कष्ट पडतात. ते कोणते, हे आता पाहावयाचे.

चिरंजीवांची सूचना सर्वांत सोपी दिसते आणि बहुतेक ठिकाणी अमलातही येते. तिच्यात अडचण अशी की, जुनी मूठ काढून नवी बसविणे हे वाटते तितके निरुपद्रवी काम नाही. जुन्या लोंबत्या मुठीचे तीन भाग असतात: मागे पितळी पत्री, तिच्यातून लाकडात जाणाऱ्या दोन खुंट्या, आणि त्या खुंट्यांत झुलणारी कडी. खुंट्यांसाठी खणाच्या फळीस दोन आरपार भोके पाडलेली असतात. जुन्या मुठींत ह्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर इंचांत धरलेले असे, आणि तीन इंच हे एक नेहमीचे माप होते. तीन इंच म्हणजे सुमारे ७६ मिलिमीटर. आज दुकानात ज्या मुठी मिळतात त्यांचे अंतर ६४, ९६ किंवा १२८ मिलिमीटर, म्हणजे ३२ च्या पटीत असते. ७६ ह्या संख्येस त्यांत जागाच नाही! भारताने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली. ती व्यवहारास सोयीची ठरली ह्यात शंका नाही. परंतु कपाटास हा कायदा कोणी वाचून दाखविलेला नसतो. त्याची भोके तीन इंचांवरच राहतात.

परिणामी नव्या आठ मुठी बसवावयाच्या तर सोळा जुनी भोके बुजवावी लागतात आणि सोळा नवी पाडावी लागतात. शिवाय जुन्या पत्रीखालच्या लाकडास इतकी वर्षे उजेड लागलेला नसतो, हाताचे तेल लागलेले नसते, म्हणून पत्री काढताच तिच्या आकाराची छाया लाकडावर उमटलेली दिसते. ती झाकण्यासाठी रंधा मारावा लागतो. रंधा मारला की जुना रंग जातो. रंग गेला की सर्व कपाट पुन्हा रंगवावे लागते. एका मुठीच्या सोयीसाठी आरंभिलेले काम अशा रीतीने कपाटाचे मूळ रूप घालवूनच थांबते.

म्हणून त्या गृहस्थांनी मुलास थोडे थांबविले आणि प्रथम माप घेतले. जोड शोधणाराचे पहिले कर्तव्य हेच होय. सात मुठींपैकी एक हलक्या हाताने काढून घ्यावी. भोकांच्या मध्यांतील अंतर, पत्रीची लांबी-रुंदी, खुंटीची जाडी आणि फळीची जाडी कागदावर लिहून घ्यावी. पत्री कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी. मुठीस लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक चिकटले नाही तर मूठ पितळेची असण्याचा संभव मोठा. चिकटले तर ती लोखंडी असून वर पितळेचा केवळ मुलामा आहे. खुंटीमागची चाकी तिच्याच खुंटीवर पुन्हा फिरवून ठेवावी. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात आट्यांचे प्रमाण ठरवून दिले, तरी लहानसहान कारखाने पुढेही आपापले आटे पाडीत राहिले. त्यामुळे आजची चाकी जुन्या खुंटीवर जोराने पिळली तर दोहोंचेही आटे मरतात.

हे टिपण आणि नमुन्याची मूठ खिशात असल्यावाचून बाजारात जाऊ नये. नुसते वर्णन सांगितले असता प्रत्येक दुकानदार “आहे ना!” असेच म्हणतो. अलीकडे दूरध्वनीच्या पडद्यावर चित्र पाहूनही मुठी मागविता येतात. चित्रात मूठ हुबेहूब असते. माप मात्र चित्रात दिसत नाही. मिलिमीटरांतले अंतर लिहिलेले नसेल, तर ती मागवू नये.

नमुना घेऊन गृहस्थ प्रथम गावातील लोखंडी सामानाच्या दुकानांत फिरले. अशा दुकानांत नव्या मालाच्या मागे, वरच्या फळीवर, कधी कधी जुन्या मालाची एखादी विसरलेली पेटी निघते. म्हणून दुकानातील सर्वांत वयस्क मनुष्याजवळ चौकशी करावी, हा ह्या शोधाचा एक अनुभवसिद्ध नियम आहे. नगरला जोड मिळाली नाही. मुलाकडे पुण्यास गेले असता त्यांनी रविवार पेठेतील बोहरी आळीत लोखंडी-पितळी सामानाची दुकाने पाहिली, आणि नंतर मंगळवार पेठेतला जुना बाजार पाहिला. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तेथे पथारीवर घड्याळाच्या लंबकाशेजारी कुलूप, कुलपाशेजारी दिव्याची काच, असा सर्व संसार मांडलेला असतो. मुंबईकरांस हीच सोय चोरबाजारातील मटण स्ट्रीटवर आहे. तेथे मोडलेल्या सामानावरून काढलेल्या मुठी, बिजागऱ्या आणि किल्लीच्या भोकाभोवती बसवावयाच्या पत्र्या मिळतात.

मात्र अशा बाजारात जाणाराने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तेथे आठांचा संच शोधू नये, सुटी वस्तू शोधावी. कारण पूर्ण संचाची किंमत हौशी गिऱ्हाइकांनी वाढविलेली असते आणि सुट्या मुठीकडे कोणी पाहत नाही. दुसरी, नक्षीपेक्षा भोकांच्या अंतरास महत्त्व द्यावे. नक्षी थोडी निराळी असली तर ती खालच्या खणावर खपून जाते, अंतर निराळे असले तर ते कोठेच खपत नाही. गृहस्थांच्या हाती एका रविवारी अगदी तशीच कडी असलेली मूठ आली. क्षणभर काम झाले असे वाटले. मापावर ठेवून पाहिली; अंतर साडेतीन इंच निघाले. त्यांनी ती परत पथारीवर ठेवली. हा मोह आवरणे हेच ह्या कामातील सर्वांत अवघड काम असते.

बाजारात जोड मिळाली नाही म्हणजे ती करवून घ्यावी लागते, आणि येथे पुष्कळ सुशिक्षित मंडळी चुकीच्या दारी जातात. पितळेचे काम म्हणजे तांबट, असा समज आहे. तांबट हा पत्रा ठोकून भांडे घडविणारा कारागीर. कासार हा मुख्यतः भांड्यांचा व बांगड्यांचा व्यापारी. आणि धातू वितळवून साच्यात ओततो तो ओतारी. मूठ ही ओतीव वस्तू असल्यामुळे तिच्यासाठी ओताऱ्याकडेच गेले पाहिजे. नगर शहर तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी एके काळी नावाजलेले होते, आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांतही त्या धंद्याची नोंद आहे. भांड्यांचा तो धंदा पोलादी भांड्यांनी मागे टाकला; तथापि समया, निरांजने, घंटा आणि मूर्ती अजून ओतल्या जातात, आणि त्यांच्या आधारावर ओताऱ्याची भट्टी तग धरून आहे.

चौकशी करीत करीत गृहस्थ अशा एका वृद्ध कारागिराच्या दारी पोहोचले आणि नमुना पुढे ठेवून म्हणाले, “मामा, अशी एक मूठ पाहिजे. जशीच्या तशी.”

म्हाताऱ्याने ती हातात घेऊन उलटी केली, पत्रीच्या कडेवरून अंगठा फिरविला आणि विचारले, “एकच?”

“एकच. सात आहेत घरी.”

“साहेब, एकीसाठी भट्टी पेटवून परवडत नाही. पंधरा दिवसांनी समयांची ओत आहे, तिच्यात टाकतो. पण जशीच्या तशी ओतली तर भोकं जुळायची नाहीत.”

“का बरं?”

“पितळ निवताना आखडतं.”

हे तीन शब्दांचे उत्तर म्हणजे धातुशास्त्राच्या पुस्तकातील एक प्रकरणच होय. पितळ म्हणजे तांबे व जस्त ह्यांचा मिश्र धातू. तो नऊशे अंश सेंटिग्रेडच्या आसपास वितळतो. निवताना तो एका फुटास सुमारे ३/१६ इंच आक्रसतो. जुनी मूठच नमुना म्हणून वाळूत दाबली, तर साचा तिच्याएवढा होतो, परंतु त्यात ओतलेले पितळ निवून थोडे लहान निघते. तीन इंचांच्या अंतरात हा फरक सव्वा मिलिमीटरच्या जवळ येतो. डोळ्यास तो दिसत नाही, पण खुंट्या जुन्या भोकांत शिरावयाच्या असतात, आणि त्यांस तो ताबडतोब कळतो.

ह्यावर कारागिराने जो तोड काढला तो साधा होता. गुळाच्या पाण्यात कालवून घट्ट केलेल्या बारीक वाळूत, दोन चौकटींच्या मध्ये, त्याने पत्रीचा ठसा घेतला. परंतु ठशातील दोन्ही भोके आधी मेणाने बुजविली होती. पत्री अखंड ओतून निघाली. मग तिच्यावर जुनी पत्री ठेवून, मूळ तीन इंचांच्या अंतरावर, भोके गिरमिटाने पाडली. पत्री एका अंगास केसभर लहान राहिली, परंतु भोके जुळली. कडी त्याने ओतलीच नाही. पितळी सळई तापवून मऊ केली, जुन्या कडीवर वाकवून घेतली आणि टोके कानशीने घासून खुंट्यांत बसविली. वाकविलेल्या सळईस आक्रसण्याचा प्रश्नच नसतो. नव्या खुंट्यांस नव्या चाक्या दिल्या. ‘जशीच्या तशी’ ह्या शब्दांचा अर्थ गिऱ्हाईक एक समजत होता, कारागीर दुसरा. आणि कारागिराचाच अर्थ खरा होता.

मूठ मिळाली तरी काम संपले नव्हते, कारण ती मुळात गळाली का, ह्याचे उत्तर राहिलेच होते. लाकडी सामानावरील धातू बहुधा स्वतःच्या दोषाने सुटत नाही. भोक मोठे झाल्याने सुटतो. अशा वेळी अधिक जाड स्क्रू पिळण्याची जी सर्वत्र चाल आहे, ती वाईट. जाड स्क्रूने फळी फाटते, आणि तो सैल झाला की पुढे उपाय राहत नाही. ढिल्या भोकात सागवानाची बारीक खुंटी सरस लावून ठोकावी, वाळल्यावर कडेशी सपाट करावी, आणि मग मूळ मापाचेच भोक पाडावे. पितळी स्क्रू नाजूक असतो. कठीण लाकडात एकदम पिळला तर त्याचे डोके तुटून धड आतच राहते. म्हणून आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू पिळून वाट करावी, तो काढावा, आणि नंतर पितळी स्क्रूस किंचित मेण लावून बसवावा. स्क्रूची मापे अजूनही बाजारात जुन्या पद्धतीने, म्हणजे नंबर व इंच सांगून मिळतात, ही ह्या कामातील एक मोठी सोय आहे.

काढलेले जुने स्क्रू फेकू नयेत. त्यांच्यावरून कपाटाचे वयही कळते. आजच्या स्क्रूस अणकुचीदार टोक असते. पूर्वी ते बोथट असे. टोकदार स्क्रू यंत्राने करण्याचे पेटंट १८४६ मध्ये अमेरिकेत टॉमस स्लोन ह्याने घेतले, आणि १८५४ च्या सुमारास त्याचे ब्रिटनपुरते हक्क बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड ह्यांनी मिळविले. त्या धंद्यात चेंबरलेन घराण्याचे भांडवल होते, आणि पुढे वसाहतमंत्री झालेले जोसेफ चेंबरलेन तरुणपणी ह्याच कारखान्यात कामास होते. तेव्हा एखाद्या कपाटात बोथट टोकाचे आणि डोक्यावरची खाच थोडी वाकडी असलेले स्क्रू निघाले, तर ते बहुधा ह्या घडामोडीच्या आधीच्या काळातील समजावेत, आणि ज्या भोकातून निघाले त्याच भोकात परत बसवावेत.

बिजागऱ्या आणि कुलपे ह्यांस हीच दृष्टी लागू पडते. तीन इंची जुन्या बिजागरीच्या जागी आजची ७५ मिलिमीटरची बसते असे वाटते, परंतु स्क्रूंच्या भोकांच्या जागा निराळ्या निघतात. म्हणून पाते शाबूत असून केवळ मधली सळई झिजली असेल तर बिजागरी न बदलता सळई तेवढी नवी घालावी. खणाची किल्ली हरवली म्हणून कुलूप फोडू नये. आधी त्याच कपाटाच्या दुसऱ्या खणाची किल्ली लावून पाहावी. एकाच कपाटाच्या कुलपांस पुष्कळदा एकच किल्ली चालते. न चालली तर वरचा खण काढून वरून हात जातो काय, हे पाहावे. खण उघडला की कुलूप चार स्क्रूंवर बाहेर येते, आणि ते हातात दिले असता किल्ल्या करणारा मनुष्य आतील तरफा पाहून नवी किल्ली घासून देऊ शकतो.

आणखी एक सूचना गृहिणींसाठी. पितळ घासावयाचे असल्यास मूठ कपाटावर असताना तिला चिंच किंवा लिंबू लावू नये. आंबट पाणी पत्रीखाली शिरते, लाकडावर डाग पडतो, आणि उरलेल्या चिंचेने पत्रीच्या कडेस हिरवे कीट धरते. मूठ काढून घासावी, स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि मगच बसवावी. फार चकचकीत करण्याचा हव्यासही नको. दर आठवड्यास घासलेल्या मुठीची नक्षी एका पिढीतच पुसट होते.

आता त्या घराकडे परत यावयाचे. नवी मूठ कोठे बसवावी, हा शेवटचा प्रश्न होता. नवे पितळ सात जुन्यांच्या मानाने पिवळेधमक दिसत होते. गृहस्थांनी सर्वांत खालच्या खणाची एक जुनी मूठ काढली, ती वरच्या खणाच्या रिकाम्या जागी बसविली, आणि नवी मूठ खाली लावली. खाली उजेड कमी आणि नजरही कमी जाते. वर्ष-दोन वर्षे हाताळल्यावर तिचाही रंग इतरांत मिसळेल. मात्र बसविण्यापूर्वी पत्रीच्या पाठीवर त्यांनी खिळ्याने २०२५ असे वर्ष कोरले. पुढे कोणी हे कपाट उघडून पाहिले तर त्याची दिशाभूल होऊ नये, आणि जुने किती व नवे किती हे त्यास कळावे, हा त्यातील हेतू. वस्तुसंग्रहालयांत दुरुस्ती करणारे जाणते लोक हाच नियम पाळतात. तो घरगुती वस्तूंसही शोभतो.

चिरंजीव पुण्याहून सामान नेण्यास आले, तेव्हा मातोश्रींनी दोन्ही हातांनी दोन मुठी धरून वरचा खण स्वतः उघडला आणि चष्म्याचे घर बाहेर काढले. कोणास हाक मारली नाही. मुलाने कपाटाकडे पाहून विचारले, “बाबा, ह्यातली नवी कोणती?” गृहस्थ म्हणाले, “शोध.” त्याने शोधली, आणि कपाट भंगारात न जाता नव्या घरी गेले.

ज्यांच्या घरी अशी कपाटे आहेत त्यांनी उद्याच एक लहानसे काम करावे. सैल झालेली प्रत्येक मूठ, कडी, चाकी आणि स्क्रू पडण्यापूर्वीच काढून घ्यावा, कापडी पिशवीत घालून पिशवी त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी, आणि कोणती वस्तू कोठली, ते चिठ्ठीवर लिहावे. हरवलेली मूठ करवून घेण्यास त्या गृहस्थांस सहा आठवडे लागले. पडलेली मूठ त्याच दिवशी जपून ठेवण्यास सहा मिनिटेही लागली नसती.